आधी कापा, मग छापा, शेवटी शिवा

जुन्या शर्टावर ठसे मारून त्यातून नवं काही शिवायचं ठरलं, की हात पहिल्यांदा ठशाकडेच जातो. अख्खा शर्ट टेबलावर पसरायचा, ठसे मारायचे आणि मग कात्री घ्यायची. बहुतेक कामं इथेच बिघडतात. शिवणीजवळ कापडाचे तीन-चार थर असतात. ठसा त्या उंचवट्यावर टेकतो आणि शेजारचं कापड कोरडं राहतं. मग शिवणीच्या दोन्ही बाजूंना ३-४ मिलिमीटरची पांढरी रेघ दिसते. ती ब्रशने भरली तरी भरलेली आहे हे कळतंच. शिवाय छापलेलं कापड नंतर कापलं, की सगळ्यात देखणा ठसा नेमका कात्रणात जातो आणि अर्धामुर्धा तेवढा गळ्याशी येतो.

म्हणून क्रम एकच: शर्ट उसवा, नव्या कपड्याचे भाग कापा, ते सुटे भाग सपाट ठेवून छापा, इस्त्रीने रंग पक्का करा आणि मगच मशीनवर बसा. खाली सगळं एकाच कपड्याच्या आधाराने सांगते. पुरुषाच्या ४२ नंबरच्या सुती शर्टातून सहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक, खाली जुन्या साडीच्या काठाची झालर. हा फ्रॉक निवडण्याचं कारण म्हणजे शर्टाची काजपट्टी आणि बटणपट्टी जशीच्या तशी फ्रॉकच्या पाठीला वापरता येते. एकही काज करावं लागत नाही.

आधी कापडाची परीक्षा. मायेतून, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या कापडातून, एक धागा ओढून काढा आणि चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचाच येतो आणि बोटांत चुरगळली जाणारी राखाडी राख उरते. टोकाला काळा, कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे. अशा मिश्र, म्हणजे टेरीकॉट, कापडावर पाण्यातला रंग छापून निघतो, पण कापडाला नीट धरत नाही आणि धुण्यागणिक कडांनी उडत जातो. पूर्ण सुतीच घ्या, लिनन असेल तर उत्तम.

मग शर्ट खिडकीशी धरून उजेडात बघा. विरलेली जागा लगेच दिसते. कॉलरची घडी, कफाची कड, कोपरं आणि काखा या जागा आधी जातात. पाठ आणि पुढच्या भागांचा पोटावरचा पट्टा सहसा धडधाकट असतो. नंतर दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड उभ्या आणि आडव्या धाग्यावर ताणा. चर्र असा बारीक आवाज आला तर ते कापड शिवण पेलणार नाही. त्याचं पुसणं करा, त्यावर ठसे वाया घालवू नका.

जुनं कापड छपाईला कोऱ्यापेक्षा चांगलं असतं, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. कोऱ्या कापडात गिरणीची खळ असते, ते आटायचं असतं आणि त्यावर रंग आधी तरंगतो. पन्नास वेळा धुतलेलं कापड हे सगळं मागे टाकून आलेलं असतं. रंग त्यात सहज मुरतो आणि मापं पुढे बदलत नाहीत. अडचण फक्त वर साचलेल्या थरांची: स्टार्च, सुवासिक कंडिशनर, कॉलरवरचं तेल. कंडिशनरचा थर डोळ्यांना दिसत नाही, पण रंग त्याच्यावर बसतो आणि तिसऱ्या धुण्याला त्याच्याबरोबर निघून जातो. म्हणून ५ लिटर गरम पाण्यात २ चहाचे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडी साबणपूड घालून शर्ट मंद आचेवर अर्धा तास ठेवा. पाणी पिवळट होईल, ते होऊ द्या. हे रंगीत शर्टाला करायचं असेल तर आधी एक कोपरा बुडवून बघा. नंतर साध्या पाण्यात दोनदा खळबळून वाळवा. कंडिशनर नको, कांजी नको.

डाग असतील तर त्यांची जात ओळखा. हळदीचा डाग साबण लावून कडक उन्हात ठेवला की एक-दोन दिवसांत फिकटतो. तेलाचा डाग काढल्याशिवाय पुढे जाऊच नये, कारण त्या जागी रंग धरत नाही आणि ठशाच्या मधोमध भोक पडल्यासारखं दिसतं. खिशाखालचा शाईचा डाग निघाला नाही तरी चालतो, तो ठशाखाली जाईल. पांढरं करायच्या क्लोरीनच्या द्रावणापासून मात्र लांब राहा. आधीच थकलेला सुती धागा त्याने आणखी कुजतो.

उसवणं आणि कापणं

शर्टाची प्रत्येक शिवण उसवायची गरज नाही. बगलेची शिवण दोनदा दुमडून मारलेली असते. ती उसवायला एक तास जातो आणि हाती अर्धा इंच कापड येतं. तिच्या कडेकडेने सरळ कात्री चालवा. बाह्या मुंढ्याच्या, म्हणजे बाही जिथे जोडलेली असते त्या, शिवणीवरून कापून काढा. खांद्यावरची दुहेरी पट्टी आणि कॉलर सुटी करून बाजूला ठेवा. खिसा मात्र नीट उसवाच, कात्रीने खरवडू नका. खिसा निघाल्यावर टाक्यांच्या भोकांची रांग दिसते. त्या रांगेवर पाण्याचं बोट फिरवा, नखाने आधी उभं आणि मग आडवं हलकं खरवडा आणि ओलसर असतानाच इस्त्री फिरवा. धागे सरकून भोकं बुजतात. ही पायरी चुकवली तर छापताना रंग भोकांत जमा होतो आणि ठिपक्यांची रेघ उमटते.

आता मापं. सहा वर्षांच्या मुलीची छाती साधारण २४ इंच धरा, त्यात ४ इंच सैलपणा, म्हणजे तयार फ्रॉक २८ इंच. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी १४ इंच, शिवाय दोन्ही बाजूंना अर्धा इंच माया. खांदा १० इंच, मुंढा ६ इंच, अंगाची लांबी २० इंच. खाली साडेतीन इंचांची झालर येईल. मूल समोर असेल तर या आकड्यांपेक्षा त्याच्या अंगावरचं माप खरं माना.

शर्टाच्या पाठीतून फ्रॉकचा पुढचा भाग निघतो. खांद्याच्या पट्टीखाली पाठीची लांबी २४-२५ इंच असते, पण खालची कड गोल कापलेली असल्याने बाजूंना दोन-तीन इंच जातात. २० इंच आरामात सुटतात. खाली रुंदी २२ इंचांपर्यंत मिळते आणि सगळा घेर तिथेच द्यायचा.

शर्टाच्या दोन पुढच्या भागांतून फ्रॉकची पाठ काढायची. आधी बटणं लावून दोन्ही भाग एकच कापड असल्यासारखे पसरा, मग मध्यावर घडी घाला. हा मध्य म्हणजे बटणांची रांग, पट्टीची कड नव्हे. पट्टी सव्वा ते दीड इंचाची असते. कड धरून घडी घातली तर एक बाजू दुसरीपेक्षा सव्वा-दीड इंच रुंद निघते आणि फ्रॉक अंगावर फिरतो. दुसरी काळजी वरच्या बटणाची. शर्टाच्या बटणांत साडेतीन इंचांच्या आसपास अंतर असतं. कागदी नमुना असा सरकवा की एखादं बटण नव्या गळ्याच्या शिवणीखाली बरोबर अर्ध्या इंचावर येईल. तसं न करता गळा कापला तर पहिलं बटण दोन इंच खाली राहतं आणि पाठ वर उघडी पडते. शिवणीच्या वाटेवर येणारं बटण आताच काढा, नाहीतर सुई त्यावर आपटून मोडेल.

ठसा कपड्याच्या मापाचा

ठसा बाजारातून आणा किंवा लिनोवर, म्हणजे कोरता येणाऱ्या लिनोलियमच्या तुकड्यावर, कोरा, पण त्याची रुंदी आधी ठरवा. घेराची एक बाजू २२ इंच, त्यातून दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच माया गेली की उरतात २१. तीन इंचांचा ठसा त्यात बरोबर सात वेळा बसतो. पुढे सात, मागे सात, एकूण चौदा. बगलेची शिवण दोन ठशांच्या मधल्या फटीत येते, रांग कुठेही तुटत नाही आणि मायेत रंगही जात नाही. चार इंचांचा ठसा घेतला तर पाच मारून एक इंच उरतो आणि तो एक इंच शिवणीजवळ डोळ्यांत खुपत राहतो. भागाकार कागदावर करायला दोन मिनिटं लागतात, पण सगळ्या कामात याच दोन मिनिटांनी सर्वाधिक फरक पडतो.

एक बारकावा आणखी. वर १५ आणि खाली २२ इंच असा तिरका घेर असला की खालची कड सरळ ठेवता येत नाही, बाजूंना पाऊण इंच वर उचलून गोलाई द्यावी लागते. ठसे त्या गोलाईवर किंचित फिरवत मारायचे असतात. चौकटीचा ठसा असेल तर दोन चौकटींमध्ये पाचरीसारखी फट दिसते. पान, फूल, कोयरी अशी मोकळ्या कडेची नक्षी असेल तर ती फट जाणवत नाही.

लाकडी ठसे हवे असतील तर गुजरातेतल्या पेथापूरला सागवानी ठसे कोरायची जुनी परंपरा आहे. चांगल्या लाकडी ठशात आरपार भोकं असतात. दाबताना अडकलेली हवा आणि जादा रंग त्यांतून निघतो. एकाच नक्षीचे तीन ठसे असतात: रेख म्हणजे बाह्यरेषा, गद म्हणजे पार्श्वभूमी आणि दत्ता म्हणजे आतला भराव. घरच्या कामाला एकटी रेख पुरते. दोन रंग जुळवायचा सराव आधी चिंध्यांवर करा.

लिनो कोरायचा असेल तर तुकडा दहा मिनिटं उन्हात ठेवा किंवा मागून कोमट इस्त्री फिरवा, पनीर कापावं तसा मऊ कापला जातो. थंड लिनोवर जोर लावला की हत्यार घसरतं. दुसरा हात कायम हत्याराच्या मागे ठेवा. कागदावर छापायला एक मिलिमीटर खोली पुरते, पण कापड दाबाखाली खड्ड्यात शिरतं, म्हणून इथे दोन मिलिमीटर खोल जा आणि नक्षीबाहेरचं सगळं लिनो कापूनच टाका. छाप उलटा येतो. नाव किंवा अक्षर कोरायचं तर ट्रेसिंग कागद पालथा घालून उतरवा. ‘क’ सरळच कोरला गेला हे ठसा पूर्ण झाल्यावरच कळतं. कोरलेला तुकडा १२ मिलिमीटरच्या प्लायवुडवर चिकटवला की धरायला जागा मिळते.

रंग

सर्वांत जास्त नुकसान चुकीच्या रंगाने होतं. कागदावरच्या छपाईसाठी मिळणारी पाण्यात धुतली जाणारी शाई कापडावर सुंदर उमटते आणि पहिल्याच धुण्यात बादलीत उतरते. तेलातली शाई टिकते, पण वाळायला कित्येक दिवस घेते आणि नक्षीभोवती पिवळट तेलकट कड सोडू शकते. कापडाला पिगमेंट रंग हवा: ५० ग्रॅम बाइंडर (रंगाचे कण कापडाला धरून ठेवणारा चिकट द्रव), त्यात अडीच ग्रॅम पिगमेंट (रंगाचे कण), म्हणजे साधारण अर्धा चहाचा चमचा, आणि १ ग्रॅम फिक्सर (रंग पक्का करणारं द्रव्य). एवढा रंग या फ्रॉकला पुरून उरतो. गडद छटेसाठी पिगमेंट चार ग्रॅमपर्यंत न्या. त्यापुढे गेलात तर बाइंडरला सगळे कण धरता येत नाहीत आणि रंग घासला की हाताला लागतो. फिक्सर घातलेला रंग त्याच दिवशी संपवा. फॅब्रिक कलरच्या तयार बाटल्याही चालतात, फक्त एप्रिल-मे महिन्यांत तो ठशावरच सुकायला लागतो. पंखा बंद ठेवा आणि रंगात दोन थेंब ग्लिसरीन घाला.

पांढऱ्या-फिकट शर्टावर गडद रंग हीच सोपी वाट. गडद कापडावर फिकट छापायचं तर खास अपारदर्शक पांढरा लागतो, त्याचा थर जाड बसतो आणि कापड ताठ होतं. मुलांच्या कपड्याला ते नकोच.

रंगाचं तबक असं: ट्रेमध्ये अर्ध्या इंचाचा स्पंज, त्यावर ओलं करून घट्ट पिळलेलं मलमलचं फडकं, त्यावर दोन चमचे रंग चमच्याच्या पाठीने पसरवलेला. ठसा त्यावर दोनदा हलके टेकवायचा, दाबायचा नाही. दाबला की रंग खाचांत चढतो आणि छाप लडबडतो. लिनोच्या मोठ्या भरीव जागेला तबकापेक्षा स्पंजच्या तुकड्याने टिपत लावलेला रंग जास्त एकसारखा बसतो.

छापताना

राजस्थानातल्या सांगानेर-बगरूच्या कापड-छापखान्यांत टेबलावर तरट आणि कापडाचे थर ताणून गादी केलेली असते. घरी चादर चार पदरी घाला आणि वर एक सुती फडकं ताणून टाचण्यांनी पक्कं करा. अर्ध्या इंचाची गादी पुरे. गादी फार कडक असेल तर भरीव जागेत पांढरे ठिपके राहतात, फार मऊ असेल तर खाचांमधल्या रेघाही उमटतात. छाप बघून दोष ओळखायला शिका: ठिपके सगळीकडे असतील तर रंग कमी किंवा गादी कडक, एकाच कोपऱ्यात असतील तर हात तिरका, कडा फुगल्या असतील तर रंग जास्त.

कापलेला भाग गादीवर टाचून घ्या. न टाचलेलं कापड ठशाला चिकटून वर येतं आणि खाली पडताना दुहेरी छाप सोडतं. शिंप्याच्या खडूने घेराची गोलाई आखा आणि तीन-तीन इंचांवर खुणा करा. पहिला ठसा नेहमी कात्रणावर. डावीकडून उजवीकडे जा, म्हणजे मनगट ओल्या छापावर टेकत नाही. लाकडी ठशावर मुठीचा एक ठोका पुरतो. प्लायवुडवरच्या लिनोवर दोन्ही तळव्यांनी अंगाचा भार द्या आणि पाच आकडे मोजा. प्लायवुड न लावलेला लिनो पालथा ठेवून त्यावर लाटणं फिरवलं तर दाब फार छान बसतो. उचलताना सरळ वर उचला.

एखादा छाप फिका आला तर त्यावर पुन्हा ठसा मारायचा मोह आवरा. केसभर सरकलं तरी दोन कडा दिसतात. लहान ब्रशने टिपके भरा आणि पुढे जा. सात ठशांत थोडाफार फरक असणारच, हाताने केलेल्या कामाला तो शोभतो. खिशाच्या जागी जुनं कापड आजूबाजूपेक्षा वेगळं दिसत असेल तर तिथे एक सुटा ठसा मारा. फ्रॉकच्या पाठीवर एका बाजूला आलेलं एकटं फूल मुद्दाम काढल्यासारखंच दिसतं.

काम संपल्यावर ठसा लगेच जुन्या टूथब्रशने घासून धुवा. सुकलेला बाइंडर खाचांतून निघत नाही. लिनो पाण्यात भिजत ठेवू नका, मागची तागाची वीण फुगते आणि तुकडा वाकडा होतो. लाकडाला तर भिजवणं अजिबात सोसत नाही. तबकातला उरलेला रंग वर्तमानपत्राने पुसून घ्या, मोरीत ओतू नका. बाइंडर वाळून प्लास्टिकसारखा होतो आणि नळीत बसतो.

भाग २४ तास सपाट वाळवा. कोकणात पावसाळ्यात हेच काम दोन दिवस घेतं. वरून कोरडा दिसणारा रंग आतून ओला असतो आणि घडी घातली की समोरच्या बाजूला उमटतो. बोटाची मागची बाजू टेकवून बघा, गार लागलं तर ओल आहे. पूर्ण वाळल्यावर इस्त्री सुतीच्या खुणेवर ठेवून, वाफ बंद करून, उलट्या बाजूने प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं हलती फिरवा. कंटाळा येतो आणि लोक दीड मिनिटात थांबतात. रंग फिकट होण्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

शिवताना

छापलेल्या जागी सुईचं भोक कायमचं राहतं, कारण तिथे कापडावर रंगाचा पातळ पापुद्रा असतो. टाचण्या फक्त मायेत लावा आणि उसवावं लागेल अशी शिलाई टाळण्यासाठी मुंढ्याला आधी कच्चे टाके घाला. सुई नवी, ११ नंबरची. टाका अडीच मिलिमीटरचा ठेवा, विरळ जागी तीनचा. बारीक टाके मजबूत असतात ही समजूत जुन्या कापडाला लागू होत नाही. जवळजवळ पडलेली भोकं तिकिटाच्या कडेसारखी होतात आणि कापड त्या रेषेवर फाटतं.

आधी खांदे, मग बाह्या. शर्टाच्या बाहीच्या वरच्या भागात छोट्या फुग्याच्या बाह्या सहज निघतात, कोपराखालचं कापड सोडून द्या. मग बगल, आणि गळ्याला साडीतून कापलेली सव्वा इंचाची उरेब पट्टी. ती बरोबर ४५ अंशांवर तिरकी कापा. सरळ कापलेली पट्टी गळ्याच्या गोलाईवर वळत नाही, चुण्या पडतात.

साडीच्या काठाचीही हीच गोष्ट. काठ सरळ विणलेला असतो, गोल घेरावर सपाट लावला तर नीट बसत नाही. म्हणून त्याची झालर. शिवलेला घेर ४२ इंच, त्याच्या दीडपट म्हणजे ६३ इंच पट्टी आणि जोडायला एक इंच जास्त. ही पट्टी फॉलच्या बाजूच्या काठातून काढू नका. तो जमिनीला घासून झिजलेला असतो. पदरावरून जाणारा वरचा काठ निवडा, पण खांद्यावर पिन लावायची जागा तपासून घ्या. पट्टी काठासकट चार इंचांची कापा, वरच्या कडेला मोठ्या टाक्याच्या दोन समांतर शिलाया मारा आणि बॉबिनचे दोन दोरे ओढून चुण्या सारख्या करा. काठाची किनार खाली येते, त्यामुळे दुमडायचं कामच राहत नाही.

साडी फारच विरलेली असेल तर तिचे दोन थर एकावर एक ठेवून वाकळीसारखा धावदोरा, म्हणजे हाताचे साधे सरळ टाके, घाला, टाके ५-६ मिलिमीटरचे, रांगांत एक इंच अंतर. अशा जोडकापडावर छापायचं असेल तर छपाई आधी आणि धावदोरा नंतर. उलट केलं तर ठसा टाक्यांच्या उंचवट्यांवर अडखळतो. ठशाच्या रेषेलगत धावदोरा फिरवला तर नक्षी किंचित उठून दिसते. मला मशीनच्या कोणत्याही सजावटीपेक्षा ही एक रांग जास्त आवडते.

तयार फ्रॉक इस्त्रीनंतर तीन दिवस धुऊ नका. पहिलं धुणं गार पाण्यात, उलटा करून, हाताने. वाळवायचाही उलटाच, सावलीत. छापावर ब्रश घासू नका. पुढे मशीनमध्ये टाकलात तरी चालेल, फक्त आधी सगळी बटणं लावा, म्हणजे जुनी काजं ओढली जाणार नाहीत.